घरी सोडताना काय सांगितले?

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. तेलंगणातल्या पैनगंगेकाठच्या भीमपूर मंडळातली मराठी घरे पक्षाघाताला लकवाच म्हणतात. मेंदूतली शीर फुटून झालेला लकवा अधिक जिवावर बेततो. मग आदिलाबादचे रिम्स रुग्णालय, तिथून गरज पडली तर दोनशे किलोमीटरवरचे नागपूर किंवा तीनशेवरचे हैदराबाद. धावपळीत नातेवाइकांचा प्रश्न एकच: वाचेल ना?

अंदाज बांधता येतो. २००१ पासून त्यासाठी एक गुणांकन वापरात आहे. रुग्ण कितपत शुद्धीवर आहे, साचलेले रक्त ३० मिलिलिटर किंवा जास्त आहे का, ते मेंदूच्या पोकळ्यांत शिरले का, रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात आहे का, वय ८० किंवा पुढे आहे का, हे त्यात पाहतात. पण पहिल्याच दिवशी आशा सोडून उपचार आवरते घेतले, तर रुग्ण दगावतो आणि अंदाज खरा ठरल्यासारखा वाटतो. ही घाई आम्हाला मान्य नाही.

वाचल्यावरचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरले असेल, तर चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान शिरा आकसू शकतात. म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या २१ दिवस देतात. शुद्ध आली म्हणून मधेच घरी नेणे धोक्याचे. काही आठवड्यांनी चालताना पाय जमिनीला चिकटू लागले, लघवी आवरेना, विसरभोळेपणा वाढला, तर घरचे म्हणतात, वय झाले. ते मेंदूत साचलेले पाणी असू शकते आणि नळी टाकून ते काढता येते. झटके येऊ शकतात, मन खचते. रक्तदाबाची गोळी बंद केली तर पुन्हा रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हे सारे आणि नंतरचे व्यायामही घरच्यांवर टाकून भागत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत लकव्याच्या १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ अभ्यासात (२०१७) घरच्यांना व्यायाम शिकवून धाडल्याने मृत्यू किंवा परावलंबित्व घटले नाही. कुटुंबाची माया कमी पडली असे नव्हे. जाणत्या हातांची जागा तिला घेता येत नाही. भीमपूरसारख्या मंडळाच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट यायलाच हवा.

तोवर घरी सोडताना डॉक्टरांकडून मराठीत किंवा तेलुगूत लिहून घ्या: कोणती गोळी किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचे, काय दिसले तर लगेच १०८ ला फोन करायचा.