पाळीव प्राण्यांचे आजार आणि आपले औषधालय

सातारा, कराड, सांगली, मिरज येथील घरांत कुत्री-मांजरे आता दारापुरती राहिलेली नाहीत. ती दिवाणखान्यात वावरतात, आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याचा प्रश्न अनेकदा पशुवैद्यकापूर्वी आपल्या, म्हणजे वैद्य व औषधविक्रेत्यांच्या, दारी येतो. मुलाला दिलेला काढा कुत्र्याला थोडा कमी मात्रेत चालेल का, ही पृच्छा आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. ‘वनस्पतीजन्य औषध आहे, अपाय होणार नाही’ असे उत्तर देण्याचा मोह त्या वेळी होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर शास्त्राला धरून नाही, आणि ते देणे आपण थांबविले पाहिजे.

मात्रा घटविली की मनुष्याचे औषध प्राण्यास लागू पडते, असे पूर्वाचार्यांना वाटत असते तर शालिहोत्राच्या नावे अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नावे हस्त्यायुर्वेद अशी स्वतंत्र शास्त्रे उभी राहिलीच नसती. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, 11 व्या अध्यायात, हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळी-मेंढी यांच्या बस्तीचा विचार आला आहे. तेथेही द्रव्ये आणि प्रमाण प्राण्यागणिक वेगळे सांगितले आहे. कुत्रा आणि मांजर हे तर या ग्रंथकारांचे मुख्य विषयही नव्हते. तेव्हा प्राचीन परंपरेचा दाखला देऊन मनुष्याची औषधे सरसकट त्यांना देणे, हा त्या परंपरेवरच अन्याय होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच भागातील आहे. तासगावच्या परिसरात द्राक्ष आणि बेदाणा घरोघरी असतो. मुले खाता खाता कुत्र्यालाही मूठभर देतात. आपल्या निघंटूंत द्राक्षा बल्य आणि श्रमहर म्हणून गौरविलेली आहे. परंतु कुत्र्यामध्ये द्राक्षे व बेदाणे यांमुळे मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ शकतात. आधी काही तासांत उलट्या, मग मरगळ, आणि पुढील एक-दोन दिवसांत मूत्रप्रवृत्ती कमी होत जाणे, असा हा क्रम असतो. सर्वच कुत्र्यांना हा त्रास होत नाही. कोणाला किती प्रमाणात होईल, हे आधी सांगता येत नाही, आणि धोका नेमका यातच आहे. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे मत 2021 साली पशुवैद्यकांनी पुढे मांडले.

आता आपल्या कपाटाकडे पाहावे. द्राक्षासव तर नावानेच ओळखू येते. पण कुटजारिष्ट, अभयारिष्ट, दशमूलारिष्ट यांच्या पाठांतही द्राक्षा आहे, च्यवनप्राशातही आहे. शिवाय आसवारिष्टांत मद्यांश असतो, तो कुत्र्या-मांजराच्या लहान देहास सोसत नाही. पिल्लाला रक्तमिश्रित जुलाब होतात म्हणून मालक कुटजारिष्ट मागतो आणि आपण अतिसाराचे उत्तम औषध म्हणून ते देतो. लस न टोचलेल्या पिल्लात अशा वेळी पहिली शंका पार्वो या विषाणूजन्य रोगाची घ्यावयास हवी. त्यात पिल्लू जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पाणी संपून दोन-तीन दिवसांत दगावू शकते. त्याला शिरेतून सलाइन हवे असते. आपल्या बाटलीने केलेला अपाय एक वेळ बाजूला ठेवला, तरी तिच्या भरवशावर घालविलेला दिवस परत मिळत नाही.

लसणाचेही तेच. लशुनादी वटी आपण पोटफुगीवर सहज सुचवितो; कुत्र्यात, आणि त्याहून अधिक मांजरात, लसूण व कांदा रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मांजर स्वतःचे अंग सतत चाटत असते, म्हणून कापूर, निलगिरी किंवा तत्सम सुगंधी तेले घातलेले कोणतेही तेल त्याच्या बाबतीत बाह्योपचार राहतच नाही. रसौषधी तर प्राण्यांच्या बाबतीत हातातही घेऊ नयेत. आधुनिक औषधे विकणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानी ठेवावे की पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिल्यास जठरव्रण व मूत्रपिंडविकार होतात, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरासाठी विष आहेत.

गोचिडांचा उपद्रव आपल्याकडे फार. करंज वा निंबाचे तेल कुत्र्याच्या अंगाला लावण्याची रीत जुनी आहे आणि तिला माझा विरोध नाही. परंतु गोचिडांमुळे येणारा ताप हा निराळा प्रश्न आहे. कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. अशा वेळी रक्ततपासणी आणि प्रतिजैविके यांना पर्याय नाही. अंगाला तेल लावून तो ताप उतरत नाही.

अलर्कविषाविषयी मात्र कोणतीही तडजोड नको. सुश्रुताने कल्पस्थानाच्या 7 व्या अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन केले आहे, आणि जलत्रास उत्पन्न झालेला रुग्ण वाचत नाही, हेही तेथेच स्पष्ट म्हटले आहे. आजही ते खरे आहे. चावा घेतलेल्या जागी तिखट, चुना वा हळद भरण्याचा प्रकार खेड्यांत अद्याप आढळतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालयात पाठविणे, एवढेच आपले काम. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा होताच ही लस द्यावी व पुढे पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे पुन्हा द्यावी, हे मालकाला सांगण्याची संधी आपल्याइतकी क्वचितच कोणाला मिळते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध असू शकते. परंतु भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार प्राण्यांची चिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. काही सहकारी याला आयुर्वेदाचा संकोच मानतात. मला तसे वाटत नाही. आहार-विहार, पथ्यापथ्य यांविषयी दोन शब्द सांगण्यास कोणाची आडकाठी नाही, आणि नुसत्या दूध-पोळीवर पोसलेल्या कुत्र्यांची संख्या पाहता ते सांगण्याची गरजही मोठी आहे.

सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी तेथील अध्यापकांना वर्षातून एकदा तरी पाचारण करावे, आणि आपल्या नेहमीच्या कल्पांपैकी कोणते कुत्र्या-मांजरांस वर्ज्य आहेत याची एक यादी त्यांच्याकडून तपासून घ्यावी. ती प्रत्येक दुकानात गल्ल्याजवळ, जवळच्या पशुवैद्यकाच्या दूरध्वनी क्रमांकासह लावता येईल. यादी होईपर्यंत, अरिष्ट वा आसव मागणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘हे कोणासाठी नेत आहात?’ एवढे तरी विचारून मगच बाटली द्यावी.