अनामिकतेचे सोयीस्कर शास्त्र

ब्रिटिश ब्लूज-रॉकचा विषय निघाला की आपली समीक्षा 'प्रभाव' आणि 'आंतरसंहितात्मकता' या दोन संज्ञांच्या आश्रयाला जाते आणि तेथेच विसावते. लेड झेपेलिन या बँडचे १९६९ मधील 'होल लॉटा लव्ह' हे गीत घ्यावे. त्यातील शब्दांचा बराच भाग विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराच्या, मडी वॉटर्सने १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या रचनेतून आला होता. श्रेयात मात्र डिक्सन नव्हता. १९८५ मध्ये तो न्यायालयात गेला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्याचे नाव छापले जाऊ लागले.

यावरचे उत्तर ठरलेले आहे. ब्लूज ही मौखिक परंपरा, तिच्यातील ओळी फिरत्या, त्यांवर मालकी कोणाची? शिवाय रोलां बार्तने १९६७ मध्येच लेखकाचा मृत्यू घोषित केलेला. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच घातक आहे. डिक्सन हा काही अज्ञात लोकमानस नव्हता. शिकागोच्या चेस कंपनीसाठी गाणी रचणारा तो व्यावसायिक होता. त्याच्याकडून उचलताना जे गीत 'परंपरा' असते, तेच उचलणाऱ्याचे नाव लागताच 'कृती' होते. म्हणजे लेखक मरतो तो निवडून. याच बँडने १९७१ मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'च्या श्रेयात मेम्फिस मिनीचे नाव घातले, तेव्हा नाव घालणे अशक्य नव्हते हे उघड आहे. (१९२९ च्या मूळ ध्वनिमुद्रणातील तिचा जोडीदार कॅन्सस जो तेव्हाही राहिलाच.) १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन दोन गीते मुद्रित केली, २०१५ मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हा शीर्षकापुढे वादकांसाठी एकच नाव होते : 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. शहराचे नाव माणसांना पुरले.

देशीवादाचा झेंडा घेतलेल्यांना हे सारे परके वाटेल. त्यांनी मग पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाहावे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव. तेथील बी. के. मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांसाठी वग, गणगवळण आणि लावण्या लिहिल्या. २०२१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या लेखनाला केवळ ते फडावर सादर होते म्हणून 'लोकसाहित्य' म्हणायचे असेल, तर नाटककारांनाही त्याच कप्प्यात बसवावे लागेल. मुळात लावणीची परंपरा अनामिक कधीच नव्हती. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम हे शाहीर कवनाच्या शेवटी आपली नाममुद्रा उमटवीत. मौखिकतेला नावाचे भान नसते हा सिद्धांत पेशवाईच्या उत्तरकाळातच खोटा ठरलेला आहे.

पण नाममुद्रा उमटते ती कवनकर्त्याची. दौंड तालुक्यात चौफुल्याच्या कलाकेंद्रांत संगीतबारीची बैठक रंगते तेव्हा गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि दर वेळी अदेने तिचा अर्थ पालटते. अर्जव, टोमणा, रुसवा, थट्टा : कवीने एकदा लिहिलेले ती अनेकदा रचते. यालाच सैद्धान्तिक भाषेत अर्थनिर्णयन म्हणतात, आणि ते विद्यापीठात केले तर त्यावर पदवी मिळते. अभ्यासक ध्वनिमुद्रण घेऊन परततो. मग संहितेखाली शाहिराचे नाव येते, चालीपुढे 'पारंपरिक' हा शब्द येतो, आणि गायिका फार तर ऋणनिर्देशात 'तेथील कलावंत' म्हणून उरते. डिक्सनला निदान न्यायालयात दाखवता येईल अशी संहिता होती. अदेची तशी संहिता नसते. तिची नोंद अभ्यासकाच्याच हाती असते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. काही स्त्रिया स्वतःच नाव छापू नका म्हणतात; मुलांच्या शाळेचा, सोयरिकीचा प्रश्न असतो. तो नकार पाळलाच पाहिजे. परंतु विचारल्यावर मिळालेला नकार आणि न विचारता गाळलेले नाव ही छापील पानावर सारखीच दिसतात. यांपैकी काय घडले हे प्रबंधाच्या तळटीपेत एका ओळीत सांगता येते, आणि मार्गदर्शकाने ती ओळ मागितली पाहिजे.