विश्लेषण : समोरच्या एक्स-रेवरून कंबरेचा कल कळतो का?

खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर बजावतात : जमिनीवर मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, कमोड वापरा. कारण चुकीच्या स्थितीत बसल्यास नवा सांधा निखळू शकतो. हा धोका कोणाला अधिक, हे शस्त्रक्रियेआधी ओळखायचे तर पेल्व्हिसचा, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या सांगाड्याचा, पुढे-मागे असलेला कल माहीत हवा. समोरून काढलेल्या एका साध्या एक्स-रेवरून तो सांगणारी सॉफ्टवेअर आता तयार होत आहेत. पण त्या आकड्यावर किती विसंबायचे?

कल म्हणजे काय?

पेल्व्हिस ही पाण्याने भरलेली वाटी समजा. ती पुढे कलली तर पाणी पोटाच्या बाजूने सांडेल, मागे कलली तर पाठीच्या बाजूने. आपण उभे असताना वाटी एका स्थितीत असते, खुर्चीत बसताना ती साधारण २० अंशांनी मागे वळते. खुब्याचे उखळ याच वाटीच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याचे तोंडही सोबत फिरते आणि मांडीच्या हाडाला वर यायला जागा मिळते. कृत्रिम कपाचेही तसेच. कल एका अंशाने बदलला, की कपाचे तोंड पुढे उघडण्याचा कोन साधारण पाऊण अंशाने बदलतो.

डॉक्टर कप कोणत्या कोनात बसवतात?

१९७८ मध्ये लुइनेक आणि सहकाऱ्यांनी ‘सुरक्षित पट्टा’ सुचवला : बाजूचा उतार ४० अंश आणि पुढे उघडण्याचा कोन १५ अंश, दोन्हींत १० अंश कमी-जास्त. मात्र २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निखळलेले सांधे तपासले, तेव्हा त्यातील ५८ टक्के कप याच पट्ट्यात बसवलेले आढळले. म्हणजे एका स्थितीत मोजलेला कोन पुरेसा नाही. मणका ताठर झाला असेल, तर बसताना वाटी मागे वळतच नाही आणि ‘योग्य’ कपही दगा देऊ शकतो.

समोरच्या चित्रात कल कसा दिसतो?

एक्स-रे ही सावली आहे. तिच्यात उंची-रुंदी दिसते, खोली हरवते. तरी खुणा उरतात. वाटी पुढे कलली की पेल्व्हिसची वरची कड अधिक गोल दिसते आणि खालची दोन छिद्रे चपटी होतात. मागे कलली की छिद्रे उघडतात. शिवाय माकडहाडाचा वरचा सांधा आणि समोर जघनास्थी जुळतात तो सांधा, यांतले उभे अंतर पुढच्या कलाबरोबर वाढते. सीटी स्कॅनपासून संगणकावर वेगवेगळ्या कलाचे नकली एक्स-रे बनवून सॉफ्टवेअरला या खुणा शिकवता येतात.

मग अडचण कुठे?

अडचण अशी, की प्रत्येकाची वाटी वेगळ्या घाटाची असते. २००३ च्या एका अभ्यासात, कल सारखाच असताना हे उभे अंतर पुरुषांत सरासरी ३२ मिलिमीटर, तर स्त्रियांत ४७ मिलिमीटर आढळले. किरण शंकूसारखे पसरतात, त्यामुळे मशीनचा रोख खाली-वर झाला तरी सावली बदलते. रुग्ण उभा होता की आडवा, यानेही कल बदलतो. अंदाज १० अंशांनी चुकला, तर कपाच्या कोनाचे गणित सात-आठ अंशांनी चुकते. सुरक्षित पट्ट्याची मोकळीक १० अंशांचीच आहे.

काय करायला हवे?

हे तंत्र टाकाऊ मुळीच नाही. जुन्या फायलींत बहुधा समोरचाच एक्स-रे असतो आणि साधे मशीन सीटी स्कॅनपेक्षा स्वस्त, कमी किरणांचे. धोक्याचे रुग्ण निवडणारी चाळणी म्हणून ते कामाचे आहे. पण चाळणीला तराजू समजू नये. सॉफ्टवेअरने ‘कल ८ अंश’ एवढेच न सांगता चूक किती असू शकते तेही सांगावे. एक्स-रे उभ्याने काढला की झोपवून, हे रिपोर्टवर लिहावे. मॉडेल कोणाच्या स्कॅनवर शिकले, हे रुग्णालयाने विकत घेण्याआधी विचारावे. आणि ज्यांची पाठ ताठर आहे किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांचे उभ्याने आणि बसून, बाजूने काढलेले एक्स-रे टाळू नयेत.

घरात कोणाचा खुबा बदलायचा असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘बसल्यावर कंबर किती वळते, हे तपासले का?’ पाठीचा जुना त्रास असेल तर तोही न विचारता सांगा. कारण समोरच्या सावलीत तो दिसेलच असे नाही.