टाचेमागची शीर आणि पावलाची चाल

टाच दुखते असे सांगणाऱ्या वयस्क रुग्णाला मी प्रथम नेमक्या जागी बोट ठेवायला सांगतो. बोट तळव्याखाली गेले तर दुखणे निराळे. ते टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर, मागच्या बाजूस गेले, तर पोटरीचे स्नायू टाचेला बांधणारा जाड पट्टा, म्हणजे अकिलिस टेंडन, दुखावला असण्याचा संभव अधिक. लोक त्याला शीर म्हणतात. पण ही रक्तवाहिनी नव्हे. उलट तिच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोकडाच असतो, म्हणून ती भरून यायला महिने लागतात.

शिरेवरचा ताण पाऊल कसे हलते यावर बराच अवलंबून असतो. पाऊल सपाट टेकलेले असताना नडगी पुढे झुकली की शीर ताणली जाते. चढण चढताना हेच घडते. आमच्या भोंगवली परिसरातून पौषात मांढरदेवीचा डोंगर चढून आलेल्यांची पोटरी आणि टाच का धरते, ते यावरून ध्यानात यावे. टाचा टेकवून उकिडवे बसतानाही तसेच. टाच थोडी उंचावली की ताण उतरतो. म्हणून दुखणे तीव्र असेल तेव्हा दोन्ही चपलांत टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटर जाडीची गादी घालावी. एकाच पायात घातल्यास कंबर कुरकुरते.

दुसरी हालचाल सहसा लक्षात येत नाही. शिरेचे तंतू सुंभासारखे पीळ घेत खाली उतरतात. पावलाची कमान बसून टाच आत कलली, तर भार एका कडेच्या तंतूंवर अधिक पडतो. घरच्यांनी रुग्णाला उभे करून मागून पाहावे. टाच आत झुकलेली दिसली तर सैल रबरी चप्पल सोडून टाचेला धरून ठेवणारे पादत्राण घ्यावे.

‘महिनाभर पाय हलवू नका’ हा सल्ला मला पटत नाही. शिरेला बेताचा भार हवाच. भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचलाव्यात आणि अगदी सावकाश खाली आणाव्यात. गुण हळूहळू येतो. बारा आठवडे धीर धरावा. हळदीच्या लेपाने अपाय नाही, जोरकस चोळण्याने मात्र होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या लघवीच्या जंतुसंसर्गासाठी पुष्कळदा दिल्या जातात. साठीपुढच्या माणसांत, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना, त्यांमुळे ही शीर दुखावण्याचा वा तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्याबद्दल ठळक इशारा दिला. गोळ्या चालू असता टाचेमागे दुखू लागले तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

शीर तुटते तेव्हा मागून कोणी दगड मारल्यासारखे वाटते. तरीही बोटे हलतात, लंगडत चालता येते. त्यामुळे घरचे ‘मुरगळला’ म्हणून लेप लावत बसतात. रुग्णाला पालथे निजवून, पावले पलंगाबाहेर ठेवून पोटरी हलकेच दाबावी. निरोगी पायाचे पाऊल खाली वळते. तुटलेल्या बाजूचे सहसा स्थिर राहते. अशा वेळी चालवू नये. पाऊल बोटे खाली झुकलेल्या स्थितीत बांधावे, म्हणजे तुटलेली टोके जवळ राहतात, आणि रुग्णाला उचलून अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे.