कॉम्प्युटर बंद व्हायला वेळ लागतोय? पॉवर बटण दाबून धरू नका!

'शट डाऊन' केले, तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतच राहते. मग अनेक घरांत एकच उपाय होतो : पॉवर बटण दाबून धरायचे, नाहीतर थेट भिंतीवरचा स्विच बंद. हाच उपाय सर्वांत महागात पडतो. त्या क्षणी विंडोज अपडेट बसवत असेल, तर ते अर्धवट राहते आणि सकाळी कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

बंद होण्याआधी विंडोज प्रत्येक सर्व्हिसला आवराआवरीसाठी थोडा वेळ देते. विंडोज ७ मध्ये तो १२ सेकंद होता, विंडोज ८ पासून ५ सेकंद. रजिस्ट्रीत जाऊन तो आणखी कमी करा, असे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नये. मूळ दोष तसाच राहतो, सेव्ह न झालेले काम मात्र जाते.

त्यापेक्षा अडवणारा कोण, ते शोधावे. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल' असे जावे. २०० क्रमांकाच्या नोंदीत बंद व्हायला लागलेला वेळ असतो; २०१ मध्ये रेंगाळलेला प्रोग्रॅम, २०३ मध्ये सर्व्हिस. तिथे बऱ्याचदा भंगारात गेलेल्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर सापडते! ते काढून टाकावे.

'रीस्टार्ट' झटपट होते, पण 'शट डाऊन' रेंगाळते? मग 'फास्ट स्टार्टअप' बंद करून पाहावे. या सोयीत विंडोज बंद होताना स्वतःची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते. जुन्या हार्ड डिस्कला त्यातच वेळ लागतो.