चट्ट्यावर काही लावण्याआधी

कोपरावर, गुडघ्यावर किंवा डोक्यात खपलीचा चट्टा उठला, की डोणगावात सल्ला देणारे कमी नसतात. मेडिकलमध्ये ट्यूब मिळते, घरातली जुनी माणसं बावची, करंजाचं तेल, नाहीतर बिबा सुचवतात. त्यावर एक वाक्य ठरलेलं: इंग्रजी औषधानं रोग दबतो, देशीनं मुळासकट जातो. सोरायसिसच्या बाबतीत हे खरं नाही. तो कायमचा घालवणारं औषध आज डॉक्टरकडेही नाही आणि वैद्याकडेही नाही. आटोक्यात मात्र तो वर्षानुवर्षं राहतो. म्हणून 'मुळासकट घालवतो' सांगून जो पैसे मागेल, त्याच्यापुढून उठून या. आणि सोरायसिस शिवल्यानं लागत नाही. चट्ट्यापायी घरात कुणाचं ताट वेगळं काढलं असेल, तर आजच पंगतीत घ्या.

देशी औषधात दम नाही, असं मी म्हणत नाही. कोडासाठी बावची आपल्याकडे शतकानुशतकं वापरली जाते. तिच्या बियांत सोरालेन असतं, ते कातडीवर ऊन जास्त चढवतं. 1974 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याच गटातलं औषध देऊन, वर अतिनील किरणांचा मोजून मारा करून सोरायसिसचे चट्टे घालवून दाखवले. हे काम करणाऱ्यांत मूळचे भारतीय असलेले मधुकर पाठकही होते. किरणं किती, किती मिनिटं, हे तिथे ठरलेलं असतं. आपण बावचीचं तेल चोपडून वैशाखाच्या उन्हात बसतो आणि कातडी भाजून घेतो. बिब्याचं तर सांगायलाच नको, तो उतला की मूळ चट्टा परवडला म्हणायची पाळी येते.

ट्यूबचं प्रकरणही तितकंच वाईट आहे. तीन-चार औषधांच्या मिक्स मलमात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. गजकर्णावर ते लावलं की दोन दिवस खाज थांबते, मग नायटा अंगभर पसरतो, जांघेतली कातडी पातळ होऊन फाटल्यासारखे पट्टे पडतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. इसबावर, सोरायसिसवर हेच स्टेरॉइड कामाचं आहे, पण किती जोराचं, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरनं ठरवायचं. नाव नसलेल्या डबीतल्या 'जडीबुटी'च्या मलमातही कधी कधी तेच मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादू झाली, तर आधी शंका घ्या.

वैद्याकडे जायचं असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे जा. चालू गोळ्या त्यांना दाखवा, त्यांची भस्मं डॉक्टरला दाखवा, काहींत पारा-शिसं असतं. खोबरेल मात्र खुशाल लावा, कोरड्या कातडीला ते चांगलं.

सोरायसिसवर मेथोट्रेक्झेट लिहून दिलं असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून वार ठरवून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील तर डॉक्टरपाशी तेही बोला. अंगभर कातडी लाल होऊन ताप-थंडी भरली, तर लेप लावत बसू नका, त्याच दिवशी मेहकर किंवा बुलडाण्याचा सरकारी दवाखाना गाठा.