लुंबिनीला निघताना



शेतातली कामे उरकली की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवरून धम्मयात्रा निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आपल्याच देशात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळात, म्हणजे परदेशात. हेच आपण विसरतो.

मंचरकडच्या एका मावशींनी दोन वर्षे भिशी भरून यात्रेचे पैसे जमवले. वय अठ्ठावन्न. यात्रा नेणाऱ्याने सांगितले, "आधार कार्ड आणा, पुरे." सोनौलीच्या नाक्यावर तपासणीत त्यांना थांबवले. आम्ही लुंबिनी पाहून येईपर्यंत मावशी अलीकडे लॉजवर बसून होत्या. माझे मतदार कार्ड पाकिटातून काढायचे राहून गेले होते, म्हणून मी पलीकडे गेले! मावशींना दिलेला लुंबिनीचा फोटो त्यांनी अजून भिंतीला लावलेला नाही.

तेव्हा आधी कागद. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालते ते १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांना. पुष्कळ भगिनींच्या कार्डावर अजून माहेरचे नाव असते. ते दोन महिने आधीच तपासून घ्या. नाक्यावर कोणी विचारत नाही, असे सांगणारे भेटतील. रोज विचारत नाहीत हे खरे, पण तुमच्या दिवशी विचारले तर?

गोरखपूरपर्यंत पुणे किंवा कल्याणहून रेल्वे आहे, पुढे सोनौलीपर्यंत बस. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून एक दिवस हाताशी ठेवावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. परतीच्या बसची वेळ कोणत्या घड्याळाने, ते विचारून ठेवा. आपले १०० रुपये म्हणजे तिकडचे १६०. भाव विचारताना "भारतीय की नेपाळी?" हे आधी विचारावे, नाहीतर चहासुद्धा महाग पडतो. शंभराच्या सुट्या नोटा बऱ्या. रोमिंग नसेल तर मोबाईल बंद पडतो, म्हणून चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते गाडीतच ठरवावे. आम्ही अशोकस्तंभ ठरवला होता.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत फोटो काढता येत नाहीत. स्तंभावरचा लेख मात्र जरूर पाहा. बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून अशोकाने या गावाचा कर कमी केला, असे त्यात कोरलेले आहे. लिपी ब्राह्मी, आपल्या शिवनेरीच्या लेण्यांत आहे तीच. तिथल्या लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. परमुलखातून आलेला तो माणूस आपल्याकडे पाण्याची सोय करून गेला. आपली मुले लेण्यांत सहलीला जातात, पण हा लेख त्यांना कोणी दाखवत नाही.

मावशी येत्या फेब्रुवारीत पुन्हा निघणार आहेत. पैसे भरण्याआधी कार्ड मला दाखवा, असे त्यांना बजावले आहे.